हरभऱ्याच्या रंगाची अळी



गेल्या मार्गशीर्षात एका बांधावर उभा होतो. हरभरा फुलावर यायच्या बेतात होता. "साहेब, यंदा अळीच नाही," शेतकरी खुशीत सांगत होता. पलीकडे त्याची आई भाजीसाठी शेंडे खुडत होती. ती म्हणाली, "अरं, नाही कशी? माझ्या वटीत दोन निघाल्या की!"

बांधावरून पाहणाऱ्याला ही अळी दिसायची नाही. घाटेअळी ही हेलिकोव्हर्पा नावाच्या पतंगाची अळी. मादी खसखशीएवढी अंडी कोवळ्या भागांवर एकेक सुटी घालते. अळीचा रंगही एकच नसतो. कुणी हिरवी, कुणी पिवळसर, तपकिरी, तर एखादी गुलाबट. अंगावर लांबट, तुटक रेषा असतात, त्यामुळे पान, देठ आणि सावली यांत ती बेमालूम मिसळते. तुरीच्या शेंगेत आणि कापसाच्या बोंडात शिरते तीही हीच. मोठी झाली की घाट्याला भोक पाडते, डोके आत खुपसते, धड बाहेर ठेवते आणि दाणा फस्त करते.

आम्ही मग जुने पांढरे धोतर मागवले. दोन ओळींमध्ये अंथरले आणि मीटरभर ओळीतली झाडे त्यावर झटकली. चार अळ्या पडल्या. मीटरभर ओळीत एक-दोन सापडल्या तरी उपाय करायचा असतो. शेतकरी गप्पच झाला.

धोतर नसेल तर पोतेही चालते, पण एकाच जागी पाहून भागत नाही; शेतात चार-पाच ठिकाणी झटका. पानांवर खरवडल्यासारखे पांढरट डाग दिसले तर बारीक अळ्या आहेत असे समजा. औषध लागू पडते ते याच वयात. एकरी दोन कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग आले तर शेत लगेच तपासा.

सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्या, सकाळी गाळून एकूण शंभर लिटर पाणी करावे. घाटेअळीचा विषाणू (एच.ए.एन.पी.व्ही.) मिळाला तर तो उन्हं कलल्यावरच फवारा, कारण कडक उन्हात तो निकामी होतो. विषाणूने मेलेल्या अळ्या शेंड्याला उलट्या लोंबतात.

कोतवाल आणि साळुंकी यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण. त्यांना बसायला शेतात काठ्या रोवा. पेरतानाच हरभऱ्यात मूठभर ज्वारी टाकली असेल तर तेही काम होते.

आणि बायांनो, रासायनिक औषध मारलेल्या शेतातला पाला भाजीला खुडू नका.