खोटी पहाट पाहायला

सुबह-ए-काजिब आणि सुबह-ए-सादिक हे दोन शब्द दीनियातच्या पुस्तकातून आपण सगळ्यांनीच पाठ केलेले असतात. पहिली खोटी पहाट, दुसरी खरी. खोट्या पहाटेचा उजेड क्षितिजावरून लांडग्याच्या शेपटीसारखा उभा वर चढतो. खऱ्या पहाटेचा उजेड आडवा पसरतो आणि वाढतच जातो. फजरची वेळ आणि रोज्याची सुरुवात या दुसऱ्या उजेडावर ठरते. उभ्या उजेडाने फसू नका, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. मुले हे सारे परीक्षेत अचूक लिहितात. पण वाशीत राहणाऱ्या किती जणांनी ही खोटी पहाट डोळ्यांनी पाहिली आहे? आम्ही तरी चाळिशी ओलांडेपर्यंत पाहिली नव्हती.

पाहणार कशी? पाम बीच रोडचे दिवे, स्टेशनवरच्या इमारती, मॉलच्या पाट्या, रात्रभर जागा असलेला एपीएमसी बाजार. आमच्या गच्चीवरून आकाश काळे दिसतच नाही, मळकट नारिंगी दिसते. एकदा मुलांनी तारे मोजले, तेवीस भरले. २०१६ साली जगभरच्या रात्रीच्या उजेडाचा एक नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की जगातल्या सुमारे एकतृतीयांश माणसांना ते राहतात तिथून आकाशगंगा दिसत नाही. वाशीकर त्यांतलेच.

खोटी पहाट हा काही भ्रम नाही. ग्रहांच्या मधल्या पोकळीत बारीक धूळ पसरलेली आहे. सूर्य क्षितिजाखाली बराच खोल असताना त्याचा प्रकाश या धुळीवर पडतो आणि राशींच्या पट्ट्याच्या दिशेने एक फिकट सुळका दिसतो. तो इतका मंद असतो की शहराच्या उजेडात त्याचा मागमूसही लागत नाही. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहाटे तो छान उभा असतो.

अकरावीतल्या मुलाला मोबाइलवर आकाशगंगेचा फोटो काढायचा होता. आकाशगंगेचा दाट, तेजस्वी मधला भाग नोव्हेंबरच्या रात्री दिसत नाही, तो संध्याकाळीच मावळतो. त्यासाठी उन्हाळ्यात पुन्हा जाऊ, आता खोट्या पहाटेचा फोटो काढ, असे सांगून आम्ही त्याला राजी केले. आठवीतली मुलगी आपणहून आली.

जायचे कुठे? मुंबईचे आकाशप्रेमी वर्षानुवर्षे लोकल पकडून बदलापूरच्या पुढच्या वांगणीला जात आले आहेत. पण वांगणीपर्यंत आता इमारती आणि दिवे पोहोचले आहेत. शिवाय आम्हाला पूर्व हवी होती, आणि घाटाखाली पूर्वेला सह्याद्रीची भिंत आडवी येते. म्हणून घाट चढायचे ठरवले. माळशेजच्या वर गेले की मुंबईचा सगळा उजेड पाठीमागे पश्चिमेला राहतो. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे खिरेश्वर, पिंपळगाव जोगा धरणाच्या काठी, आमच्या हिशेबात बसले. वाशीपासून अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे इशाची नमाजही कसर.

नोव्हेंबरच्या अमावास्येनंतरचा शनिवार निवडला. तीन वाजता निघालो तरी शिळफाट्याने तासभर खाल्ला. मुरबाडजवळ मगरिब केली, टोकावडे मागे पडल्यावर रस्त्यावरचे दिवे संपले आणि घाटात मुलीने काच खाली करून डोके बाहेर काढले. तिला आत ओढावे लागले.

ज्यांच्या घरी मुक्काम होता त्यांना फोनवरच शाकाहारी जेवण सांगितले होते. पिठले, भाकरी, ठेचा. आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती इथे लिहितो, कारण ती आपल्या घरांत बोलली जाते. रात्री अनोळखी माणसे कॅमेरा आणि स्टँड घेऊन फिरू लागली की कोणत्याही गावात कुजबुज होते. दाढी-टोपी असली की जरा जास्तच. म्हणून आमच्या ओळखपत्रांच्या प्रती आधीच पाठवून पोलीस पाटलांना कळवायला सांगितले होते. पाटील स्वतः आले, चहा घेतला आणि मुलाकडून स्वतःच्या मोबाइलचा कॅमेरा नीट लावून घेऊन गेले. सावधगिरीत कमीपणा नाही, असे आमचे मत आहे. घरी बसून राहण्यापेक्षा ती बरी.

खरी भीती वेगळीच निघाली. हा जुन्नर तालुका. बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र उभारावे लागले तो हाच भाग. घरमालक मुलाला म्हणाले, "काय फोटो काढायचे ते गच्चीवरनं काढ. पहाटेचं खाली उतरायचं नाय, सांगून ठेवतो." आम्ही रात्रभर गच्ची सोडली नाही.

मालकांनी अंगणातला दिवा घालवला. अंधाराची सवय व्हायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात, आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की ती सगळी मेहनत वाया जाते. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद गुंडाळला होता, कारण लाल उजेड डोळ्यांना कमी त्रास देतो. साध्या मोबाइलनेही फोटो येतो, फक्त तो स्टँडवर पक्का बसवायचा. प्रो मोडमध्ये आयएसओ १६०० ते ३२००, शटर पंधरा-वीस सेकंद, फोकस हाताने अनंतावर, आणि दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. वेळ याहून फार वाढवली तर पृथ्वी फिरत असल्याने ताऱ्यांच्या रेघा उमटतात. दव मात्र पिच्छा सोडत नाही. दर दहा मिनिटांनी मुलगी ओढणीच्या टोकाने भिंग पुसत होती.

रात्री दहाला कृत्तिकांचा पुंजका पूर्वेला चांगला वर आला होता. त्याचेच अरबी नाव सुरय्या. आपल्या प्रत्येक घराण्यात एक तरी सुरय्या फुफी असते, पण आपले नाव आकाशात कुठे आहे हे त्या फुफीला कोणी दाखवलेले नसते. सुरय्याच्या मागोमाग रोहिणी. तिचे अरबी नाव दबरान, म्हणजे मागून येणारा. इंग्रजी पुस्तकांतला आल्डेबरान तोच. फिकट आकाशगंगाही डोक्यावरून गेलेली होती. तिला उर्दूत कहकशाँ म्हणतात. फारसीत काह म्हणजे गवताची काडी. ओढून नेताना वाटेवर सांडलेला पेंढा, असा तो शब्द. पेंढ्याच्या गाड्या पाहिलेल्या मालकांना तो लगेच पटला, आमच्या मुलांना समजावून सांगावा लागला.

उत्तरेकडे वळून देवयानी नक्षत्रात मुलाने एक फोटो घेतला. त्यात एक पुसट ढगासारखा ठिपका आला. इस्फहानच्या अब्दुर्रहमान अस्‌-सूफी यांनी ९६४ च्या सुमारास आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात त्याची छोटा ढग म्हणून नोंद केली. तो ढग नसून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली दुसरी दीर्घिका आहे, हे विसाव्या शतकात कळले. सूफींकडे दुर्बीण नव्हती. त्यांच्याकडे अंधार होता.

थोडी झोप काढून साडेचारला पुन्हा वर आलो. पूर्वेला चित्रा नुकती उगवली होती. तिच्या जरा वर, क्षितिजापासून सिंह राशीपर्यंत, खाली रुंद आणि वर निमुळता असा पांढुरका उजेड उभा होता. मुलगी म्हणाली, "हा ओतूरचा उजेड असेल." शंका रास्त होती. वीस सेकंदांचा फोटो काढला तेव्हा उत्तर मिळाले. गावांचा उजेड क्षितिजाला चिकटून घुमटासारखा, पिवळट आला होता. हा सुळका पांढरा होता आणि थेट सिंहाच्या शेपटीवरच्या उत्तरा नक्षत्रापर्यंत गेला होता. आम्ही बराच वेळ बोललो नाही. मालकही कांबळे घेऊन वर आले. त्यांनी हा उजेड लहानपणापासून पाहिला होता, फक्त त्याला नाव असेल असे त्यांना वाटले नव्हते.

साडेपाचच्या सुमारास त्याच्या पायथ्याशी एक निळसर रेघ आडवी पसरू लागली. सुळका तिच्यात हळूहळू बुडाला. मोबाइलच्या ॲपने त्याच सुमारास फजरची वेळ दाखवली. ॲप सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आला की वेळ झाली असा हिशेब करते, आणि तो हिशेब बरोबर आहे. पण ती रेघ समोर पसरत असताना गच्चीवर केलेल्या त्या फजरची गोष्ट आम्हाला शब्दांत नीट सांगता येत नाही.

परतल्यावर सोसायटीच्या सभेत दिव्यांचा विषय काढला. चोरांचे काय, असे निम्म्यांनी विचारले. आम्ही पेंचचे उदाहरण दिले. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क ठरला. तिथल्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बंद केले नाहीत, त्यांची तोंडे जमिनीकडे वळवली. आमच्या गच्चीवरचा एक हॅलोजन तसाच वळवून दाखवला, तर खाली पार्किंगमध्ये उलट जास्त उजेड पडला. आतापर्यंत दोन दिवे वळले आहेत. मशिदीच्या मिनारावर रोषणाई करताना, लग्नाच्या मांडवावर आकाशात फिरणारे झोत लावताना आपणही हा विचार करायला हरकत नाही.

घाट चढणे सगळ्यांना जमणार नाही. पण रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तेव्हा एक सोपी वाट असते. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडे ज्यांची गावे आहेत त्यांनी ईदसाठी चार दिवस आधी जावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये हाच उजेड संध्याकाळी पश्चिमेला दिसतो आणि तिथे पश्चिमेला समुद्र आहे, शहर नाही. शेवटच्या दहा रात्रींत चंद्र उशिरा उगवतो, त्यामुळे संध्याकाळ काळीभोर असते. सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासाने, इशाच्या अजानच्या सुमारास, तरावीहला जाण्याआधी दहा मिनिटे किनाऱ्यावर थांबा. सुळक्याचे टोक सुरय्याच्या दिशेने गेलेले असेल. स्टँड वाळूत जरा खोल रोवा, वाऱ्याने हलतो.