मनाचे ऐकावे, पण मानावे किती?

रात्री साडेनऊची वेळ. गृहस्थ पानावर बसलेले. इतक्यात भ्रमणध्वनीवर वरिष्ठांचा निरोप येतो, ‘उद्या सकाळी भेटा.’ तीन शब्द! पण तेवढ्यावर मन कादंबरी रचू लागते. अहवालात चूक सापडली असणार, बढती गेली, कदाचित नोकरीही. मग घराचे हप्ते, मुलीचे शिक्षण. समोरची आमटी निवून जाते. सकाळी कळते की साहेबांना केवळ एका फाईलचा क्रमांक हवा होता!

त्या रात्री झोप कोणी उडवली? साहेबांनी की मनाने? विचार आला ही वस्तुस्थिती. त्यात सांगितलेले खरे असेलच असे नाही. हा भेद ओळखण्याच्या सरावाला आज ‘माइंडफुलनेस’ म्हणतात. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात तो रुग्णांसाठी सुरू केला. परंतु त्याच्याही कितीतरी आधी ब्रह्मदेशात तो चक्क सरकारी कचेरीत पोहोचला होता. तेथील महालेखापाल ऊ बा खिन आपल्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांनाच विपश्यना शिकवीत. अर्धशिशीने जेरीस आलेले उद्योजक सत्यनारायण गोयंका १९५५ मध्ये त्यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखीसाठी येऊ नका, असे त्यांना बजावण्यात आले. याच गोयंकांच्या प्रेरणेने पुढे इगतपुरीचे धम्मगिरी उभे राहिले.

आपल्याला तर ही दृष्टी परकी वाटण्याचे कारण नाही. समर्थांनी दोनशे पाच श्लोक मनाला उद्देशून रचले. मनाला हाक मारणारा मनाहून निराळा असलाच पाहिजे!

करायचे ते साधेच आहे. ‘मी नालायक आहे’ असे वाटले की, ‘मी नालायक आहे, असा विचार आला आहे’ असे स्वतःशी म्हणावे. पावले जमिनीला टेकलेली जाणवू द्यावीत, दोन-चार श्वास नुसते पाहावेत. विचाराला हुसकावू मात्र नये. पुढल्या दाराने घालवलेला मागल्या दाराने येतो. पहिल्या दिवशी हे जमत नाही, पंधराव्या दिवशीही अनेकदा नाही.

आता थोडे कटू बोलले पाहिजे. तिघांचे काम एकावर टाकायचे आणि सुटीच्या दिवशी ध्यानाचे शिबिर भरवायचे, ही रीत काही कंपन्यांत रुजली आहे. ही शुद्ध फसवणूक होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या अतिताणाने येणाऱ्या हतबलतेची नोंद घेतली, ती व्याधी म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. दोष व्यवस्थेत असेल तर कर्मचाऱ्याने डोळे मिटून तो कसा जाणार? उलट, मनाने रचलेली भीती बाजूला झाली की खरी तक्रार कोणती, ते स्वच्छ दिसू लागते. झोपच नाहीशी झाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र या सरावावर विसंबू नये. वैद्यकीय साहाय्य घ्यावे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

साडेनऊचा तो निरोप पुन्हा येईलच. तेव्हा आमटी गरम असतानाच जेवून घ्यावे. आणि सकाळी साहेबांना फाईलचा क्रमांक देऊन झाला की, असे निरोप कचेरीच्या वेळेत आले तर बरे, हेही आवाज न चढवता सांगून टाकावे.