‘नितळ’ या विशेषणाविषयी

आमच्या एका माजी विद्यार्थिनीने नुकतेच एक प्रवासवर्णन आमच्याकडे अभिप्रायासाठी पाठविले. ती मूळची पापडीची. नोकरीनिमित्त आता जर्मनीत असते. आल्प्सच्या उत्तर पायथ्याशी बोडन्झे नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठाकाठाने तिने आठ दिवसांची सायकलफेरी केली. सुमारे २६० किलोमीटरची ही वाट जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाते. सामान गाडीने पुढच्या मुक्कामी पोहोचते. आपण सायकल चालवायची, आणि वाटेत कॉन्स्टन्स, मेअर्सबुर्ग, लिंडाऊ, ब्रेगेन्झ ही जुनी गावे पाहायची. लेखन सफाईदार होते. तरीही वाचून संपल्यावर मनात काहीच उरले नाही. दुसऱ्या वाचनात कारण ध्यानात आले. बारा पानांत ‘नितळ’ हे विशेषण नऊ वेळा आले होते.

दोष तिचा नव्हे, आमचा आहे. काही वर्षांपूर्वी वर्गात प्रवासवर्णनाचा स्वाध्याय आम्हीच दिला होता. तेव्हा या मुलीने परदेश पाहिलेला नव्हता. वर्गाला येताना ती रोज पापडीच्या तलावावरून येत असे. तिने मात्र स्वित्झर्लंडमधल्या एका सरोवराचे काल्पनिक वर्णन लिहिले: नितळ पाणी, पाचूची झळाळी, हिमशिखरांचे प्रतिबिंब. आम्ही त्या लेखनाला वर्गातले सर्वाधिक गुण दिले. पुढे तिने खरे सरोवर पाहिले, तेव्हा तिच्यापाशी शब्द तेच होते. सरोवर पाहण्यापूर्वीच त्याचे वर्णन लिहून झाले होते, आणि त्यावर आमच्या लाल शाईची खूणही होती.

आता या ‘नितळ’मागे काय दडलेले आहे ते पाहू. बोडन्झेचे पाणी सदैव असे नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर काठच्या गावांचे सांडपाणी, धुण्याच्या पावडरी आणि शेतातली खते यांतून आलेल्या फॉस्फरसमुळे सरोवरात शेवाळ माजले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस फॉस्फरसचे प्रमाण शिगेला पोहोचले होते. काठच्या राज्यांनी १९५९ मध्येच संयुक्त आयोग नेमला होता. सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे उभारण्यात आणि धुण्याच्या पावडरींतला फॉस्फेट हटविण्यात अनेक दशके गेली. १९५८पासून याच सरोवराचे पाणी नळांनी दूरच्या स्टुटगार्टपर्यंत जाते, आणि आज सुमारे चाळीस लाख लोक ते पितात. म्हणजे ज्याला आपण निसर्गाचे देणे म्हणतो, ते मोठ्या अंशी गटारे, कायदे आणि करांचे फलित आहे.

कथा एवढ्यावर संपत नाही. पाणी इतके स्वच्छ झाले की माशांना अन्न अपुरे पडू लागले, असे तिथल्या मच्छीमारांचे गाऱ्हाणे आहे. बाहेरून आलेले शिंपले आणि छोटे काटेरी मासे यांचीही त्यात भर पडली. फेल्खेन हा तिथला मानाचा मासा. तो इतका घटला की २०२४पासून तीन वर्षांसाठी त्याच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. नळाने पाणी पिणाऱ्याला जे नितळ हवे, तेच जाळे टाकणाऱ्याच्या पोटावर येते. एका विशेषणाआड एवढा मोठा तंटा आहे. आमची विद्यार्थिनी त्या काठावर आठ दिवस होती, आणि तिच्या लेखनात तो कुठेही नव्हता.

यावर कोणी म्हणेल, सुटी ही सुटी असते. प्रवासी काही जलशास्त्राचा परीक्षक नव्हे. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. ‘अपूर्वाई’ने मराठी वाचकाला जे दिले, ते अहवालाने दिले नसते, आनंद हे प्रवासवर्णनाचे रास्त प्रयोजन आहे. पण आपल्या परंपरेची दुसरी बाजूही विसरता येत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेवरील पुस्तकाचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ असे आहे. शब्दांचा क्रम पाहावा: आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. तिथले शासन कसे चालते, शाळा कशा आहेत, स्त्रियांची अवस्था काय, हे सारे बाईंना देखाव्याइतकेच पाहण्याजोगे वाटले. गोडसे भटजी १८५७च्या धामधुमीत उत्तरेत पायी फिरले. १९०७ मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये दक्षिणेची विवंचना आहे आणि जिवाची भीतीही आहे. हे लेखक सौंदर्याला पारखे नव्हते. देखावा कोणाच्या कष्टावर उभा आहे, याची जाणीव मात्र त्यांना सुटली नाही. पुढे परदेशप्रवास सोपा झाला, आणि आमच्या मते लोकस्थिती हळूहळू गळून एकटे प्रवासवृत्त उरले.

सायकल या बाबतीत उपकारक ठरू शकते, म्हणून तर या लेखनाने आमची अधिक निराशा केली. आगगाडीच्या खिडकीतून चढ कळत नाही; सायकलवर तो मांड्यांना कळतो. शेणखताचा वास, बंद पडलेला कारखाना, रस्त्याकडेच्या पंपघराचा आवाज, यांपैकी काहीही सायकलस्वाराला टाळता येत नाही. शिवाय तो थांबू शकतो, आणि थांबला की लोक त्याच्याशी बोलतात. ही रीत आपल्याला परकीही नाही. मुंबईचे काही पारशी तरुण १९२३ साली सायकलींवर जगप्रवासाला निघाले होते. त्यांतले तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले.

आता पापडीकडे येऊ. पापडीहून सायकल काढली तर एका बाजूला वसईचा किल्ला आहे. १५३४ मध्ये हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. दुसऱ्या बाजूला गिरीज, भुईगाव, वाघोली अशी गावे ओलांडत निर्मळला पोहोचता येते. तिथे शंकराचार्यांचे मंदिर आहे, चर्च आहे आणि तळे आहे. गावाच्या नावातच ‘निर्मळ’ हा शब्द वस्तीला आहे. भुईगावात १९५६ साली अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आठव्याचा तुकडा त्याआधी १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात मिळाला होता, आणि तोही एका तळ्याजवळच. जुनी गावे आणि तळी हा बेत बोडन्झेच्या फेरीहून निराळा नाही. अंतर मात्र इतके थोडे की डबा घेऊन निघावे आणि संध्याकाळी घरी यावे.

साम्य याहूनही जवळचे आहे. बोडन्झेत रायखनाऊ नावाचे बेट आहे. आठव्या शतकात तिथे मठ स्थापन झाला, नवव्या शतकात तिथल्या एका साधूने बागेतल्या वनस्पतींवर लॅटिनमध्ये काव्य लिहिले, आणि आजही ते बेट भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध आहे. देऊळमाणसाने बागेवर लिहावे आणि बागाईतदाराने प्रार्थनेला जावे, हे चित्र वसईच्या वाडीत वाढलेल्या मुलीला ओळखीचे वाटायला हवे होते. तिने रायखनाऊविषयी दोनच वाक्ये लिहिली आहेत, आणि त्यांतल्या एकात ‘नितळ’ आहे.

वसईच्या वाड्यांत एक शब्द आहे: बावखल. वाडीत खणलेले, पावसाचे पाणी धरून ठेवणारे छोटे तळे. त्याच्या पाण्यावर केळी आणि भाजीपाला जगत असे. जमिनीत मुरणाऱ्या या पाण्यामुळे विहिरी गोड राहत आणि खाडीचे खारे पाणी आत सरकत नसे. इमारती आल्या तशी अनेक बावखले बुजविली गेली. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर दिवसचे दिवस पाण्याखाली होता, तेव्हा पाणी साठवायच्या आणि वाहून न्यायच्या जागा आपण कुठे घालविल्या, हा प्रश्न अनेकांनी विचारला. ‘हरित वसई’च्या चळवळीने तो कितीतरी आधी विचारला होता. त्या चळवळीचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) हेच ‘ओॲसिसच्या शोधात’ या प्रवासवर्णनाचेही लेखक होत. दूरचे पाहणे आणि घरच्या पाण्यासाठी भांडणे ही दोन कामे एकाच माणसाला करता येतात, याचा दाखला शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही.

‘बावखल’ हा शब्द आमच्या वर्गातल्या एकाही स्वाध्यायात कधी आला नाही. आमच्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातली खरी हानी ही आहे. जी वस्तू बुजली तिचे नाव लेखनातूनही गेले, तर पुढच्या पिढीला ती हरवल्याचे कळणारसुद्धा नाही. पाचूसारखे पाणी मात्र पाठ्यपुस्तकातून पाठ्यपुस्तकात सुखेनैव वाहत राहील.

म्हणून अध्यापक मित्रांना एक साधी सूचना करावीशी वाटते. प्रवासवर्णनाचा स्वाध्याय देताना पाण्यासाठी कोणतेही विशेषण वापरायचे नाही, एवढीच अट घालावी. हे पाणी कुठून येते, कुठे जाते, ते कोण पितो आणि कोण त्यात काय सोडतो, हे विद्यार्थ्याने विचारून लिहावे. स्थळ आल्प्समधले असो वा आगाशीचे. यंदा आम्ही हा स्वाध्याय पापडीच्या तलावापासून सुरू करणार आहोत. मुलांनी सायकली आणायच्या आहेत. आमची सायकल दुरुस्तीला टाकली आहे.

विद्यार्थिनीला आम्ही अभिप्राय कळविला, आणि तिच्या जुन्या स्वाध्यायाला दिलेले गुण चुकीचे होते हेही लिहिले. तिने मुक्कामाच्या घरच्या बाईंना मासेमारीच्या बंदीविषयी विचारावे आणि लेख पुन्हा लिहावा, अशी विनंती केली आहे. तिचे उत्तर अजून यायचे आहे.