रंजनाचा गुन्हा

'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' या अमेरिकी मालिकेचा 'विच' हा तिसरा भाग मार्च १९९७ मध्ये प्रक्षेपित झाला. 'निव्वळ करमणूक' म्हणून तो बाजूला सारणाऱ्या समीक्षकमित्रांशी आमचे भांडण आहे. तो रंजक आहे, हे आम्हांलाही मान्य. पण रंजकता हा आरोप कधीपासून झाला?

कथा पाहा. चीअरलीडर होऊ पाहणाऱ्या मुलींपैकी एकीचे हात पेट घेतात, एकीची दृष्टी जाते, एकीचे तोंडच नाहीसे होते. संशय एमीवर येतो. प्रत्यक्षात एमीच्या देहात वावरत असते तिची आई! गतवैभव पुन्हा भोगण्यासाठी तिने मुलीचे तारुण्यच बळकावलेले असते. अखेरीस तिचा मंत्र तिच्यावरच उलटतो आणि ती स्वतःच्याच जुन्या करंडकात कोंडली जाते.

आईबाप मुलांचे आयुष्य स्वतःच जगू लागतात, हे वास्तववादी कथेत रूपक ठरले असते. येथे ती घटना होते. अद्भुताचे सामर्थ्य नेमके हेच. त्याला पळवाट म्हणणाऱ्यांनी करंडकातले ते हलणारे डोळे एकदा पाहावेत. प्रवेशाच्या वेळी मुलांऐवजी स्वतःच उत्तरे देणारे पालक आम्ही दरवर्षी पाहतो. आम्हांला ते डोळे अनोळखी वाटले नाहीत.