चष्मा कपाटात, रुग्ण अंधारात

रुग्णालयात दाखल होणाऱ्या वृद्धाजवळच्या तीन वस्तू पहिल्या तासाभरातच बहुधा काढून घेतल्या जातात : चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी. त्या हरवू नयेत, फुटू नयेत, हा हेतू चांगलाच असतो. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांच्या बाबतीत दोन वर्षांपूर्वी हेच घडले. खुब्याचे हाड मोडल्याने ते एका मोठ्या रुग्णालयात दाखल झाले. चष्मा आणि श्रवणयंत्र रुमालात बांधून मुलाच्या स्वाधीन करण्यात आले आणि भेटीची वेळ संपताच मुलगा घरी गेला. मध्यरात्री गुरुजी ओरडू लागले. अंधुक उजेडात कोणीतरी येते, अंगाला हात लावते, ओठ हलवते आणि निघून जाते, एवढेच त्यांना उमजत होते. त्यांनी सलाईनची नळी उपसली. तेव्हा त्यांचे दोन्ही हात पलंगाला बांधण्यात आले. ‘रुग्ण गोंधळलेला, सहकार्य करीत नाही’ अशी नोंद झाली. सकाळी मुलाने चष्मा डोळ्यांवर चढविला, यंत्र कानात बसविले. तासाभराने गुरुजींनी आज वार कोणता, असे शांतपणे विचारले. मनगटांवरचे वळ पुढे आठवडाभर दिसत होते.

यात कोणा एका परिचारिकेचा निष्ठुरपणा शोधणे अन्यायाचे होईल. दोष आहे तो समजुतीचा. डोळे आणि कान हा रुग्णाचा खाजगी मामला, रुग्णालयाने फक्त मोडलेले हाड पाहावे, ही ती समजूत. वस्तुतः बाहेरून येणारी वार्ता थांबली, की मेंदू स्वतःच वार्ता रचू लागतो. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकाच्या प्रारंभी याची प्रचीती घेतली. धडधाकट विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर धूसर चष्मे आणि हातांवर पुठ्ठ्याच्या नळ्या चढवून त्यांना एकसुरी आवाजाच्या खोलीत नुसते पडून राहण्यास सांगितले गेले. दिवसाला वीस डॉलर मिळत असूनही बहुतेकांना तेथे दोन-तीन दिवसांपलीकडे राहवले नाही. अनेकांना नसलेली दृश्ये दिसू लागली. तरुणांची ही गत, तर ज्वराने, वेदनेने आणि औषधांनी शिणलेल्या ऐंशीच्या घरातील माणसाचे काय होत असेल?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून रुग्णाला निश्चल ठेवण्याची पद्धत जुन्या वाचकांना आठवत असेल. त्या पट्टीखाली भ्रमिष्ट होणाऱ्या रुग्णांविषयी वाइझमन आणि हॅकेट या अमेरिकन डॉक्टरांनी १९५८ साली लिहिले. त्यांनी सुचविलेल्या उपायाचा गाभा औषधात नव्हता, रुग्णाशी जाणीवपूर्वक जोडलेल्या नात्यात होता. पुढे १९९९ साली येल विद्यापीठाच्या शॅरन इनूये व त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तर आणि त्याहून अधिक वयाच्या ८५२ रुग्णांवरील पाहणी प्रसिद्ध केली. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांपैकी १५ टक्के रुग्णांना भ्रम झाला. ज्यांचा चष्मा व श्रवणयंत्र जागेवर ठेवले, ज्यांना वेळ-स्थळ सांगितले, पाणी पाजले, चालविले आणि रात्री झोपू दिले, त्यांच्यात हे प्रमाण ९.९ टक्के राहिले. महागडे असे यात काय आहे?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच बजावले होते, की रुग्णाशी पाठीमागून किंवा दारातून बोलू नये. त्याला मान न वळविता दिसेल असे बसावे. अंध रुग्णाला हात लावण्यापूर्वी आपण कोण आणि काय करणार आहोत हे सांगणे, स्टुलावरचा पेला रोज त्याच जागी ठेवणे, संडासापर्यंतची वाट एकदा हाताला धरून दाखविणे, ही त्याच शिकवणीची रूपे होत. कर्णबधिर रुग्ण हातांनी बोलतो. त्याच्या लिहित्या हातालाच सलाईन टोचली, की त्याची वाचा गेली. २०२०च्या साथीत मुखपट्टीने सर्वांचे ओठ झाकले, तेव्हा ओठ वाचून समजणाऱ्यांवर काय प्रसंग ओढवला असेल, याचा विचार किती जणांनी केला?

स्पर्शाची संवेदना गेलेला रुग्ण याहून फसवा. तो तक्रारच करीत नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरुग्णाची बोटे आपोआप झडत नाहीत. दुखणे कळत नसल्याने झालेल्या जखमा त्यांचा घास घेतात. आज घरोघरी दिसणाऱ्या मधुमेहातही पावले अशीच बधिर होतात. अशा पायांशी मायेने ठेवलेली गरम पाण्याची पिशवी कातडी भाजून काढते आणि रुग्ण मात्र ‘बरे वाटते’ म्हणतो.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो खोटा नाही. एका परिचारिकेने किती पाहावे? भारतीय परिचर्या परिषदेने सामान्य कक्षासाठी अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि अन्यत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका, असे प्रमाण घालून दिले होते. आपल्या सरकारी रुग्णालयातील रात्रपाळी ज्याने पाहिली आहे, त्याला हे आकडे थट्टेचे वाटतील. जे शासन रिक्त पदे वर्षानुवर्षे भरीत नाही, त्याला परिचारिकांना सहृदयतेचा उपदेश करण्याचा अधिकार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने आरोग्यसेवेत अडथळाविरहित प्रवेश आणि उपचारात अग्रक्रम देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. परंतु दारापाशी उतरंड बांधली आणि आत पलंगावर रुग्णाला कोणी काय बोलते तेच कळले नाही, तर तो प्रवेश कसला?

मात्र पदे भरली जाईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. केसपेपरवर ताप आणि नाडी यांच्या जोडीला दोन रकाने छापावेत : दिसते का, ऐकू येते का, आणि त्यासाठी कोणते साधन वापरतो. पलंगाच्या डोक्याशी तशी खूण लावावी. पाळी बदलताना परिसेविकेने ती बाब सांगावी. हात बांधण्याचा आदेश देण्यापूर्वी चष्मा कोठे आहे, हे विचारणे बंधनकारक करावे. परिचर्येच्या विद्यार्थिनी शुश्रूषेचे आराखडे वहीत लिहितात, गुण मिळवितात. कक्षात त्यांचा वापर त्यांना कोणी करू द्यावा.

आणि नातेवाइकांनीही भेटीची वेळ संपताना तो रुमाल घरी नेऊ नये.