धनत्रयोदशीचे सोने आणि ठशाची साक्ष

आज आश्विन वद्य त्रयोदशी. धने-गुळाचा नैवेद्य दाखवावयाचा, दक्षिणेस ज्योत करून यमदीप लावावयाचा आणि गुंजभर का होईना, सोने घरी आणावयाचे, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. या सोन्याची हमी पूर्वी सराफाच्या शब्दावर असे. आज ती एका सूक्ष्म ठशावर आहे. परंतु ठसाच खोटा असला तर?

ही चिंता नवी नव्हे. कौटिल्याने सुवर्णाध्यक्ष नेमावयास सांगितला, सोनाराच्या चोरीचे प्रकारही नोंदविले, आणि हलका माल उंची म्हणून विकणाऱ्यास दंड सांगितला.

१६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. जुन्या हॉलमार्कची खूण नकलाकारास सहज उठविता येई, कारण प्रत्येक दागिन्याला स्वतःची ओळख नव्हती. १ एप्रिल २०२३ पासून मात्र भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा अंक (बावीस कॅरटास ९१६) आणि अक्षरे व अंक मिळून सहा स्थानांचा ‘एचयूआयडी’ क्रमांक असल्याविना हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. हा क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर घालावा. उत्तर आले एवढ्यावर समाधान मानू नये. एका बांगडीचा खरा क्रमांक दुसऱ्या साखळीवर कोरता येतो. तेथे दिसणारा दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता हातातील वस्तूशी जुळते का, ते पाहावे. शुद्धता कमी भरल्यास फरकाच्या दुप्पट रक्कम व तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क ग्राहकास आहे. पण त्यासाठी पावती हवी. आणि गंमत अशी, की दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्यास हॉलमार्कची सक्तीच नाही! ज्याची ऐपत गुंजभराची, त्याच्या वाट्यास पुन्हा सराफाचा शब्दच.

सोन्याचे हे झाले. श्रद्धेस तर ठसाही नसतो. जानेवारी २०२४ मध्ये, अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेच्या तोंडावर, साधी मिठाई ‘श्रीराम मंदिर अयोध्या प्रसाद’ या नावाने विकली जात असल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘ॲमेझॉन’ला नोटीस दिली. देवस्थानाचे नाव हीही एक शिफारसच, आणि भाविक तिची शहानिशा करीत नाही, हे विक्रेता पुरते ओळखून असतो.

नटनट्यांच्या शिफारशींस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वेसण घातली आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्यास दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत. शिवाय एक ते तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदी. आपण खातरजमा केली होती, हे दाखविणारा मात्र सुटतो. ही पळवाट आम्हांस जरा रुंदच वाटते. असो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा दूरध्वनी क्रमांक १९१५ आहे.