बोरीच्या अंगणात बोरी-बाभळी

जून उजाडला की शाळाशाळांत खड्डे खोदले जातात आणि मुलं हौसेनं रोपं लावतात. रोपं मात्र बरेचदा परक्या मुलखातली. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ मध्य अमेरिकेची. आपल्या पाखरांशी, किड्यांशी त्यांची जुनी सोयरीक नाही.

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात बोरी गाव आहे. नावातच झाड असलेल्या या गावापासून देशी बागेची सुरुवात व्हावी, असं मनापासून वाटतं. बोर, बाभूळ, लिंब, पळस, बहावा, आपटा ही झाडं मराठवाड्याचं ऊन पिढ्यान्‌पिढ्या सोसत आली आहेत. फाल्गुनात पळस फुलला की मधासाठी पाखरांची झुंबड उडते. बहाव्याच्या आणि रुईच्या पानांवर फुलपाखरं अंडी घालतात. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू हा धडा मुलांना पुस्तकाबाहेर, डोळ्यांदेखत शिकता येतो.

यासाठी पैसा फारसा लागत नाही. उन्हाळ्यात मुलांनी गावशिवारातून बिया गोळा कराव्यात. बहाव्याचं बी टणक असतं. ते गरम पाण्यात भिजवून पिशवीत लावावं. आजी-आजोबांना झाडांची नावं नि उपयोग विचारून वहीत टिपावेत.

खरी परीक्षा मे महिन्यात असते. शाळेला सुट्टी असते, झाडांच्या तहानेला नसते. म्हणून गावकऱ्यांनो, पहिले दोन-तीन उन्हाळे पाण्याची पाळी वाटून घ्या. पुढं ती झाडंच मुलांना सावली देतील.